दिवाळी अंकात पहिली कथा: लिहिण्यापासून छापून येईपर्यंत

वसुबारसेच्या आसपास दरवर्षी मला दोन-तीन फोन येतात. कुणी बँकेत असतं, कुणी डी.एड. करून जागा निघायची वाट पाहत असतं, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं. प्रश्न एकच: "कथा लिहिलीय, दिवाळी अंकाला द्यायचीय, कुणाकडे पाठवू?" तोवर त्या वर्षाचे अंक बांधणी होऊन, गठ्ठे सुटून स्टॉलवर लागलेले असतात. कथा चांगली असली तरी तिला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. फोनवर दहा मिनिटांत जे सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून नव्या मराठी कथाकाराला वाचकापर्यंत नेणारी सगळ्यात मोठी वाट हीच राहिली आहे. कथालेखन शिकवणारे वर्ग आपल्याकडे फारसे नव्हते. ते काम संपादकांनी केलं. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन कथा परत करताना ती कुठे सैल पडली, कुठे खोटी वाटली हे लेखकाला कळवत. त्या पत्रव्यवहारातून कथाकार घडले. धारवाडला राहून इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींच्या कथाही टपालानेच मुंबईला जात. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. आज बहुतेक अंक एक-दोन माणसं नोकरी-धंदा सांभाळून काढतात, आणि सविस्तर पत्र लिहायला त्यांना सवड नसते. त्यामुळे पूर्वी संपादक जे सांगायचा, त्यातलं बरंचसं लेखकाने कथा पाठवण्याआधी स्वतःच स्वतःला सांगायचं असतं. खाली जे आहे त्यातला मोठा भाग त्याबद्दलच आहे.

आधी तीन अंक, पेन्सिल घेऊन

पुण्या-मुंबईत, ठाण्या-डोंबिवलीत आणि इतरही अनेक गावांत वाचनालयं दिवाळीत वेगळी योजना काढतात: ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. ती घ्या. गावात वाचनालय नसेल तर संक्रांतीनंतर रद्दीच्या दुकानात हेच अंक निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

'मौज', 'हंस', 'अक्षर', 'साधना' यांसारखे तीन-चार अंक शेजारी ठेवा आणि प्रत्येकातल्या फक्त कथा वाचा. वाचताना समासात टिपा: कथा किती शब्दांची आहे (एका पानावरचे शब्द मोजून पानांनी गुणा), निवेदन कुणाचं आहे, पहिलं वाक्य कुठे उघडतं, किती काळ घडतो. दहा कथा झाल्या की एक गोष्ट दिसू लागते. एका अंकाला दीर्घकथा चालते, दुसऱ्यात चार हजार शब्दांपुढे कुणी जात नाही, तिसऱ्यात कथा दोनच आणि बाकी सगळे लेख. तुमची सात हजार शब्दांची कथा त्या तिसऱ्या अंकाला पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो.

शेवटी अंकाची श्रेयनामावली वाचा. तिथे संपादकाचं नाव आणि साहित्य पाठवायचा पत्ता असतो. तो वहीत उतरवा.

कथा: एक उदाहरण घेऊन

'काय लिहावं' यावर सामान्य सल्ला देण्यापेक्षा एक विषय घेऊन दाखवतो. समजा, तुम्हाला बहिणीच्या हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा ती ज्या दस्ताने सोडून देते त्यावर, लिहायचं आहे. महाराष्ट्रात घरटी घडणारी गोष्ट. वडील जातात, सातबारावर वारस म्हणून बहिणींची नावं चढतात, मग भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या सासरी जातो आणि तिला तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन येतो.

पहिला खर्डा बहुतेक वेळा आजोबांपासून सुरू होतो. त्यांनी जमीन कशी घेतली, विहीर कशी खणली, वडिलांचं लग्न, दुष्काळ, बहिणीचं लग्न. कार्यालयाचा जिना चढेपर्यंत दोन हजार शब्द संपतात. हा भाग लिहिण्यात चूक काहीच नाही. लेखकाला स्वतःला माहिती होण्यासाठी तो लिहावाच लागतो. फक्त वाचकाला तो द्यायचा नसतो.

आता त्या कार्यालयात नीट उभे राहा. टोकन, बाकडं, दोन साक्षीदार, वेबकॅमसमोर फोटो, अंगठ्याचं यंत्र. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बाईचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. कारकून म्हणतो, हात धुऊन या. ती धुऊन येते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते. पुन्हा लाल दिवा. मागे रांग खोळंबली आहे, भाऊ घड्याळ बघतो आहे. कथा इथे आहे. अंगठा उमटत नाही त्या दहा-पंधरा मिनिटांत विहीर, दुष्काळ, लग्न, सगळं येऊ शकतं, पण एकेका ओळीने आणि त्या क्षणाला लागलं तरच. लिहिताना 'माझ्या विषयातली अडलेली घटका कोणती' असा शोध घ्या. काहीतरी अडतं तेव्हा माणसं खरी बोलतात.

पुढचा निर्णय: हे कोण पाहतं आहे? बहीण सांगत असेल तर तिचं मन वाचकाला आतून दिसेल, पण ती स्वतःशीही काय कबूल करत नाही हे दाखवणं अवघड जाईल. भाऊ सांगत असेल तर त्याची स्वतःची बाजू मांडण्याची धडपडच कथा होईल, आणि ही फार ताकदीची जागा आहे. भावाची दहावीतली मुलगी सोबत आली असेल तर तिला निम्मं कळतं, निम्मं कळत नाही. वाचकाला मात्र सगळं कळतं, आणि आपलंही पुढे असंच होणार का हा प्रश्न तिने न विचारताच पानावर राहतो. मी मुलगी निवडेन. तुम्ही तिघांच्या तोंडून पहिलं पान लिहून पाहा. कुठलं पान आपोआप पुढे सरकतं ते हाताला कळतं.

संवादात माहिती कोंबू नका. "ताई, तुला माहीतच आहे, आपल्या अण्णांची पाच एकर जमीन असून त्यात तुझा वाटा आहे," असं कुठलाही भाऊ बोलत नाही. तो म्हणतो, "च्या घेणार का? अजून टाइम लागंल म्हनतोय." त्या चहात सगळं असतं. कायद्याचंही तसंच. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे लेखकाला पक्कं माहीत हवं, कारण त्याशिवाय कारकुनाच्या तोंडचं वाक्य चुकेल. पात्राने ते कलम वाचून दाखवायची मात्र गरज नाही.

शेवटाचा मोह इथे फार मोठा आहे. बहिणीने ताडकन उठून सही नाकारावी, चार वाक्यं सुनवावीत असं वाटतं. लिहा तसं. मग दुसरा शेवट लिहा, ज्यात अंगठा उमटतो आणि सगळे जेवायला हॉटेलात जातात. मग तिसरा लिहा, जो तुम्हाला स्वतःलाही आधी सुचला नव्हता. पहिल्या दोन शेवटांत लेखकाची इच्छा किंवा लेखकाची निराशा बोलत असते. तिसऱ्यात पात्रं बोलायची शक्यता जास्त असते. माझा अनुभव असा की मन लावून तिसरा शेवट लिहिणारे फार थोडे असतात, आणि पहिल्या कथेतच संपादकाचं लक्ष वेधून घेतात तेही तेच.

भाषा आणि शुद्धलेखन

बोली वापरायची तर जी कानात आहे तीच. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी टीव्हीवर ऐकून लिहिली की त्या भागातल्या वाचकाला पहिल्याच संवादाला खटकते. पात्रासाठी परकी बोली आवश्यकच असेल, तर ती बोलणाऱ्या माणसाला संवाद मोठ्याने वाचायला लावा आणि तो जिथे अडखळेल तिथे बदला.

निवेदन 'केले-गेले' या वळणाचं की 'केलं-गेलं' या वळणाचं हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. दोन्ही चालतात, सरमिसळ चालत नाही. एका परिच्छेदात 'त्याने सांगितले' आणि पुढच्यात 'तिनं विचारलं' असं आलं की संपादकाला कळतं, कथा पुन्हा वाचलेली नाही.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम हाताशी ठेवा. १९६२ साली त्यातले चौदा मान्य झाले, १९७२ मध्ये चारांची भर पडली. अठरा नियम, एका रविवारी वाचून होतात. नव्या लेखकाच्या हस्तलिखितात चुका ठरलेल्या जागी असतात: 'कवी' दीर्घ पण 'कविमन' ऱ्हस्व, 'गरीब' पण 'गरिबाला', 'फूल' पण 'फुलाला', आणि 'आणि' मात्र ऱ्हस्वच. संवादातली बोली या नियमांच्या बाहेर आहे. तिथे उच्चाराप्रमाणे लिहायचं, पण एका पात्राचं 'न्हाई' तीन ओळींनी 'नाय' होता कामा नये.

ठेवून देणं

कथा पुरी झाली की किमान तीन आठवडे उघडू नका. या काळात दुसरं काही लिहा, नाहीतर वाचा. मग कागदावर छापून घ्या. पडद्यावर जे निसटतं ते कागदावर दिसतं. घरात कुणी नसताना मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही ते वाक्य मोडा. जिथे स्वतःलाच पुढे जायची घाई होते तो परिच्छेद बहुधा काढण्याजोगा असतो.

यानंतर एकाच माणसाला वाचायला द्या. 'कशी वाटली' असं विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: "कुठे थांबलीस? कुठे मागचं पान उलटून बघावं लागलं? शेवटी भाऊ कसा माणूस वाटला?" उत्तरं लिहून घ्या, वाद घालू नका. व्हॉट्सअॅपच्या गटावर अख्खी कथा टाकायची तर हे लक्षात असू द्या की अनेक अंकांना पूर्वी कुठेही प्रसिद्ध न झालेलं साहित्य हवं असतं, आणि समाजमाध्यमावर टाकलेली कथा काही संपादक प्रसिद्ध झालेलीच धरतात.

फाइल

युनिकोडमध्ये टाइप करा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला पंधरा दिवस लागतात आणि पुढे आयुष्यभर पुरतो. मोबाइलवर बोलून टाइप करणाऱ्यांनी विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर बारकाईने तपासावीत. अनेक ठिकाणी अक्षरजुळणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीत होते, त्यामुळे तुमचा मजकूर तिथे रूपांतरित केला जातो. या रूपांतरात नेमकी काही अक्षरं मोडतात: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य आणि 'अॅ'. म्हणून वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफही पाठवा, म्हणजे मूळ शब्द काय होता हे जुळणी करणाऱ्याला पाहता येईल.

अक्षराचा आकार १४, ओळींत दीड पट अंतर, प्रत्येक पानावर क्रमांक. पहिल्या पानावर कथेचं नाव, तुमचं नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. फाइलला कथेचं आणि स्वतःचं नाव द्या. 'नवीन कथा फायनल २' या नावाच्या फायली संपादकाच्या संगणकावर डझनाने पडून असतात. सजावट, रंगीत अक्षरं, इंटरनेटवरून उचललेली चित्रं नकोत. चित्रकार अंकाचा असतो.

कधी पाठवायची

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते, पण अंकाचं वर्ष पावसाळ्यातच संपत आलेलं असतं. नामवंत लेखकांना निमंत्रणाची पत्रं उन्हाळ्यात जातात. जून-जुलैत निवड, ऑगस्टमध्ये चित्रं आणि मुद्रितशोधन, गणपतीच्या आगेमागे छपाई. म्हणून नव्या लेखकाने मार्च ते मे या काळात पाठवावी. तेव्हा संपादकाकडे वाचायला वेळ असतो आणि पानं भरलेली नसतात. ऑगस्टमध्ये आलेली चांगली कथाही पुढच्या वर्षावर जाते.

सोबतचं पत्र छोटं असावं. असं:

"आदरणीय संपादक, सप्रेम नमस्कार. सोबत 'अंगठा' ही कथा आपल्या दिवाळी अंकासाठी विचारार्थ पाठवत आहे. शब्दसंख्या सुमारे ३,८००. कथा अप्रकाशित असून सध्या अन्य कुठेही पाठवलेली नाही. गेल्या वर्षीच्या आपल्या अंकातल्या कथा वाचून ही आपल्याकडे पाठवावीशी वाटली. मी कऱ्हाडला शाळेत शिकवते. ही माझी पहिलीच कथा आहे. आपला निर्णय जुलैअखेरपर्यंत कळल्यास आभारी राहीन."

एवढं पुरे. कथेचा सारांश, तिचा संदेश, घरच्यांना ती किती आवडली, हे काही लिहू नका. पहिलीच कथा आहे हे लपवायचंही कारण नाही. नवं नाव शोधून काढल्याचा आनंद चांगल्या संपादकाला खराखुरा होतो.

एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक दुखावतात, आणि हे जग लहान आहे, ते एकमेकांना ओळखतात. जून संपता संपता एक स्मरणपत्र पाठवा. जुलैअखेरही उत्तर नसेल तर 'कथा परत घेत आहे' असं नम्रपणे लिहून मोकळे व्हा आणि ती 'अनुष्टुभ'सारख्या नियतकालिकाकडे पाठवा. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून चालू असलेलं. मोठमोठ्या लेखकांनी त्यात लिहिलं आहे. बेळगाव, इंदूर, गोवा किंवा परदेशात असाल तरी ईमेलमुळे आता काही अडत नाही, आणि ऑनलाइन दिवाळी अंकही निघतात.

नकार आला तर आभाराची एक ओळ लिहा. कारण विचारू नका; स्वतःहून दिलं असेल तर ते वहीत उतरवून घ्या. 'शेवट घाईत झालाय' एवढं एक वाक्य आलं असेल तरी कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं आहे. त्या संपादकाला पुढच्या वर्षी दुसरी कथा जरूर पाठवा.

पैसे आणि हक्क

मानधनाबद्दल स्पष्ट बोलतो. काही अंक चांगलं देतात, काही अगदी थोडं, अनेक फक्त लेखकाची प्रत पाठवतात. यावर घर चालत नाही. स्वीकाराचं पत्र आलं की मानधन किती आणि कधी हे विचारण्यात गैर काही नाही. विचारलं म्हणून कथा नाकारली गेल्याचं मी पाहिलेलं नाही. कथा छापायला तुमच्याकडूनच पैसे मागितले, किंवा 'प्रातिनिधिक संग्रहा'त घेतो, अमुक प्रती विकत घ्या असं सांगितलं, तर नाही म्हणा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने अशा संग्रहासाठी साठवलेले पैसे भरले. प्रतींचा खोका अजून तिच्या पलंगाखाली आहे आणि ती कथा आता दुसरीकडे देता येत नाही.

हक्काचं थोडं नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली की हक्क लेखकाचा होतो, नोंदणीची अट नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सोडलं, तर अंकात छापायला दिल्याने तो संपादकाचा होत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. स्वीकारपत्रासोबत छापील मजकूर सहीसाठी आला आणि त्यात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं असेल तर सही करण्याआधी लिहा: "या दिवाळी अंकात एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी देत आहे." एकांकिका, चित्रपट, ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क वेगवेगळे असतात. पहिल्या कथेला हे दूरचं वाटतं, पण कथेवर एकांकिका करायची विचारणा कधी कधी अंक निघून महिनाही झाला नसताना येऊ शकते.

पुस्तकाची घाई

तीन-चार कथा छापून आल्या की पुस्तक काढू या म्हणणारे भेटतात, स्वतःच्या खर्चाने. थांबा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्या पुस्तकासाठी असते, हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचून घेतलं जातं आणि प्रकाशनाला अनुदान मिळतं. घाईत छापलेलं बारकं पुस्तक तुमचं पहिलं पुस्तक ठरतं आणि ही संधी हातची जाते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, पण त्या वयाकडे बघून कथा उरकू नका. आठ-दहा कथा होऊ द्या, त्यातल्या दोन काढून टाकता येतील इतक्या.

अंक आल्यावर

अंक घरी येईल तेव्हा आधी नाव बघाल, फोटो काढाल, आईला दाखवाल. ते सगळं करा. दोन दिवसांनी मात्र छापील कथा आणि तुमची मूळ फाइल शेजारी ठेवून ओळीनुओळ ताडून पाहा. काय गाळलं, कुठला शब्द बदलला, परिच्छेद कुठे तोडला. छपाईच्या चुका वेगळ्या आणि संपादकाचे बदल वेगळे, हे सहज ओळखता येतं. पटवर्धनांच्या काळात जे पत्रातून कळायचं ते आता इथे शोधावं लागतं.

माझ्या पहिल्या छापील कथेच्या शेवटच्या सहा ओळी संपादकांनी काढून टाकल्या होत्या, मला न विचारता. मला वाईट वाटलं होतं. त्या सहा ओळींत मी कथेचा अर्थ सांगितला होता. चार-पाच दिवसांनी पुन्हा वाचली, तर कथा म्हातारीने कडी लावली तिथेच संपत होती आणि पुढे काही हवंसं वाटत नव्हतं. दुसरी कथा लिहिताना शेवटच्या पानावर आलो, तेव्हा तो परिच्छेद मनात तयार होता. तो कागदावर उतरवला नाही.